नवऱ्याकडे अमेरिकेला जायचंय: वकील करू की फॉर्म आपणच भरायचा?

करवीरची_लेक
(सोमवार, रात्री ९.४०)
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. फेब्रुवारीत माझं लग्न झालं, इथंच कोल्हापुरात. नवरा न्यू जर्सीत असतो, तिथला सिटिझन आहे. पंधरा दिवसांची सुट्टी काढून आला होता, लग्न, पूजा, जोतिबा, अंबाबाई आणि पाहुण्यांकडची जेवणं यात ती कधी संपली कळलंच नाही. आता मला न्यायचं तर त्यानं आय-१३० नावाचा अर्ज तिकडच्या सरकारकडं भरायचा असतो म्हणे. तिकडच्या एका वकिलानं २,८०० डॉलर सांगितलेत, सरकारी फी वेगळी. इकडं एक एजंट म्हणतो सव्वा लाखात 'गॅरंटी'नं करून देतो. नवरा म्हणतो मीच भरतो, यूट्यूबवर सगळं आहे. सासरे म्हणतात पैसे गेले तरी चालतील पण वकील करा. आणि मी मधल्या मध्ये. कुणी केलंय का हे? वकील खरंच लागतो का?

पन्हाळ्याचा_वारा
नाही लागत. विषय संपला.

डलासचा_पाव्हणा
विषय संपला काय भावा, अजून सुरू पण नाही झाला.
ताई, मी बायकोचं सगळं स्वतः केलं, २०२२ साली. फॉर्म अवघड नाही, लांब आहे. ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर, कागदावर भरला तर ६७५. हे एप्रिल २०२४ पासूनचे दर, आमच्या वेळी ५३५ होते, त्यामुळं भरायच्या आदल्या दिवशी यूएससीआयएसच्या (तिकडच्या इमिग्रेशन खात्याच्या) साइटवर परत एकदा बघायचं. तो मंजूर झाला की केस एनव्हीसीकडं, म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरकडं जाते, तिथं ३२५ आणि १२० अशा दोन फी भरायच्या. मग तू डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज भरायचा आणि नवऱ्यानं आय-८६४, म्हणजे 'हिला मी पोसीन, सरकारवर भार पडू देणार नाही' असं लिहून द्यायचं. त्यासाठी त्याचं उत्पन्न गरिबी रेषेच्या १२५ टक्के लागतं, दोघांच्या घराला २०२५ च्या आकड्यानं वर्षाला २६,४३७ डॉलर. शेवटी व्हिसा मिळाला की ग्रीन कार्डाचे २३५. ऑनलाइनचा दर धरून बेरीज केली तर १,३०५ डॉलर, आणि हे वकील केला तरी सुटत नाहीत. मेडिकल आणि मुंबईच्या फेऱ्या वेगळ्या.
नवरा सिटिझन आहे ना, मग कोट्याची रांग पण नाही. ग्रीन कार्डवाला असता तर दर महिन्याला व्हिसा बुलेटिन उघडून पंचांगासारखं बघत बसला असता.

गंगावेस_तालीम
वकील बघायला न्यू जर्सीला कशाला जायचं म्हणतो मी, आता हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय की कोल्हापुरात. १८ ऑगस्ट २०२५ पासून. सहा जिल्ह्यांचे वकील एवढी वर्षं भांडले तेव्हा कुठं मिळालं. आता आणि थोडं भांडून अमेरिकेचा इंटरव्ह्यू पण तिथंच सीपीआर हॉस्पिटलसमोर घ्या म्हणावं.

मिसळ_कमी_कट_जास्त
@गंगावेस_तालीम: इंटरव्ह्यूच्या आधी ऑफिसरला तांबडा-पांढरा पाजा, मग बघा कसा नाही म्हणतो.

शाहूपुरी_ते_शिकागो
मी वेगळं मत मांडते. आम्ही वकील केला होता आणि मला एका पैशाचं वाईट वाटत नाही. आमचं काहीच गुंतागुंतीचं नव्हतं, पण नवरा अक्षरशः दोन पाळ्यांमध्ये काम करत होता, माझी इकडं बँकेची नोकरी, फोन लावला तर एकजण झोपेत. त्या सात-आठ महिन्यांत कुठला कागद कुणाकडं आहे यावरून आमची जेवढी भांडणं झाली असती तेवढी वकिलाच्या ऑफिसातल्या बाईनं अंगावर घेतली. त्यामुळं लागतो का म्हणशील तर नाही, पण परवडत असेल तर झोप लागते.

डलासचा_पाव्हणा
@शाहूपुरी_ते_शिकागो: ताई, माझ्या मेहुण्यानं पण झोपेसाठीच वकील केला होता. वकिलाच्या ऑफिसनं बायकोच्या जन्मगावाच्या रकान्यात कागलचं 'काजल' टाईप केलं. मेहुण्यानं न वाचता सही केली. पुढं इंटरव्ह्यूपर्यंत ते काजल निस्तरत बसले. वकील करा नाहीतर नका करू, वाचायचं तुम्हालाच असतं, आणि कागल कुठं आहे ते त्यांना माहीत असायचं काही कारण नाही.

पन्हाळ्याचा_वारा
कागलमध्ये कळवा, सत्कार करतील.

सानिका_उर्फ_सुजाता
अगं माझं ऐक, फॉर्मपेक्षा आपल्या लोकांची नावं हा मोठा विषय आहे. माझं माहेरचं नाव सुजाता. लग्नात सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात 'सानिका' लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटोग्राफरनं वरून झूम करून फोटो काढला. पासपोर्ट सुजाता, आधार सानिका (दिरानं हौसेनं बदलून आणलं), लग्नाच्या दाखल्यावर सुजाता आणि मधलं नाव वडिलांचं, जॉइंट खात्यावर सानिका आणि मधलं नाव नवऱ्याचं. आम्ही पुरावा म्हणून अल्बम जोडला, त्यात तो तांदळाचा फोटो सगळ्यात मोठा. बीकेसीला, मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटात, खिडकीतल्या ऑफिसरनं दुभाष्या बाईंना तो फोटो दाखवून हे काय लिहिलंय म्हणून विचारलं, त्यांनी वाचलं, आणि तो मला म्हणतो सानिका कोण? दोन सेकंद मलाच आठवेना. मग सगळी प्रथा समजावून सांगितली, तो हसला, पण दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र मी आधीच करून नेलं होतं म्हणून निभावलं. फॉर्ममध्ये 'आतापर्यंत वापरलेली इतर नावं' असा रकाना असतो, तिथं सगळी लिही, तांदळातलं सुद्धा.
जन्माचा दाखला काढून बघ आधी. माझा ग्रामपंचायतीतला, त्यात नावच नाही, नुसतं 'मुलगी'. नाव नंतर घालून घेता येतं पण चकरा होतात. आणि एक, ओरिजिनल कागद लॅमिनेट करू नको बाई. माझा शाळा सोडल्याचा दाखला आईनं प्रेमानं लॅमिनेट केला होता, जिथं जाईन तिथं लोक नखानं कोपरा खरवडून बघायचे.

करवीरची_लेक
@सानिका_उर्फ_सुजाता: ताई हसून हसून पोटात दुखलं. माझं नाव नाही बदललं सुदैवानं. दाखला महापालिकेचा आहे, नावासकट.
मराठी कागदांचं भाषांतर लागतं का? लग्नपत्रिका पण द्यायची का?

डलासचा_पाव्हणा
यूएससीआयएसला इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण भाषांतर लागतं, आणि 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर बरोबर आहे' असं करणाऱ्यानं सहीनिशी लिहून द्यायचं. नोटरी-बिटरी लागत नाही. आमचं माझ्या मित्रानं केलं. पत्रिका दिली होती, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'सकट भाषांतर करून.

वडणग्याची_सून
पोलीस क्लिअरन्स पासपोर्टच्या साइटवरूनच करायचा, फी ५०० रुपये, एजंट लोक त्याचेच तीन हजार घेतात. आमच्याकडं घरी चौकशीला आलेल्यांनी चहा घेतला आणि अमेरिकेत पगार किती ते विचारून गेले.

बीकेसी_रिटर्न
इमिग्रंट व्हिसाचा इंटरव्ह्यू मुंबईलाच. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री बसायचं, पण इंटरव्ह्यूच्याच सकाळी उतरायचं धाडस करू नका, मेडिकल आणि बोटांचे ठसे आधी असतात, तीन-चार दिवस राहायची सोय बघूनच जा. आणि आत तुमचं तुम्हीच. वकिलाला २,८०० दिलेत म्हणून तो शेजारी उभा राहणार नाही. ऑफिसरनं मला नवऱ्याची कामाची वेळ, घरात कोण कोण, पहिल्यांदा कुठं भेटलात एवढंच विचारलं. तीन-चार मिनिटं. त्यासाठी मी सहा महिने पाठांतर करत होते!

जयसिंगपूरचा_जावई
सगळ्यांचं सोपं झालं म्हणून सगळं सोपं नसतं, म्हणून लिहितोय. माझा चुलतभाऊ, व्हिजिटर व्हिसावर गेला आणि मुदत संपल्यावर दीड वर्ष तिथंच राहिला. परत आला, मग तिथल्याच सिटिझन मुलीशी लग्न झालं, तिनं स्वतः फॉर्म भरला, आय-१३० मंजूर पण झाला आणि सगळ्यांनी पेढे वाटले. इंटरव्ह्यूला कळलं की एक वर्ष किंवा जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं की दहा वर्षं बंदी. १८० दिवसांच्या वर आणि वर्षाच्या आत असेल तर तीन वर्षं. लग्न खरं आहे हे त्यांनी मान्य केलं होतं, बंदी वेगळी. मग आय-६०१ नावाचा माफीचा अर्ज, त्यात बायकोला किती टोकाचा त्रास होईल ते सिद्ध करायचं. तो वकिलानं केला, आणि तो वकील पहिल्या दिवशी केला असता तर दोन वर्षं वाचली असती. तेव्हा ताई, फॉर्म भरता येतो का हा प्रश्नच नाही. दोघांच्या मागं काही आहे का ते बघ. कधी व्हिसा नाकारला, कुठं खोटी माहिती गेली, पोलीस केस, आधी कुणी पिटिशन भरलेलं, आधीचं लग्न. यातलं काही नसेल तर कर स्वतः.

गंगावेस_तालीम
जावईबापू नादखुळा लिवलंय.

शाहूपुरी_ते_शिकागो
+१. आणि त्या एजंटपासून लांब राहा. कन्सल्टंट म्हणजे वकील नव्हे. अमेरिकेतला कुठल्याही एका राज्याचा लायसन्सवाला वकील इमिग्रेशनचं काम करू शकतो, त्याचं लायसन्स त्या राज्याच्या बारच्या साइटवर दोन मिनिटांत बघता येतं, तो 'यांचा वकील मी' असं सांगणारा जी-२८ फॉर्म तुमच्यातर्फे भरतो आणि चुकला तर तक्रारीला जागा असते. एजंट फॉर्म भरणार, स्वतःची सही कुठंच करणार नाही, आणि 'गॅरंटी' कसली देतो? व्हिसा काय त्याच्या काकाच्या हातात आहे?

काळा_कोट_निवृत्त
सावकाश वाचतो आहे. मी वकिली केली ती इथल्या कोर्टात, अमेरिकेचा कायदा माझा विषय नाही. पण जावईबापूंनी शेवटी जो शब्द टाकला त्यावरून विचारतो. बेटा, तुमचं दोघांचंही पहिलंच लग्न ना?

मिसळ_कमी_कट_जास्त
काका डायरेक्ट मुद्द्याला हात.

वडणग्याची_सून
कोर्टाच्या सवयी जात नाहीत.

पन्हाळ्याचा_वारा
तोवर कुणीतरी सांगा, न्यू जर्सीत कोल्हापुरी मिसळ मिळते का?

डलासचा_पाव्हणा
मिळते म्हणजे, बोर्डावर 'कोल्हापुरी' लिहिलेलं असतं. खाल्ल्यावर पुण्याची निघते.

मिसळ_कमी_कट_जास्त
तिथं पण पुणेकर आडवे आलेच का.

करवीरची_लेक
(बुधवार, रात्री ११.१५)
दोन दिवस लिहू की नको करत होते.
काका, त्याचं पहिलं आहे. माझं नाही. २०१६ ला माझं एक लग्न झालं होतं, मी एकवीसची होते, चार महिन्यांत परत आले. कारणं इथं लिहीत नाही. पुढच्या वर्षी गावात दोन्हीकडची माणसं आणि पंच बसले, शंभरच्या स्टॅम्पवर काडीमोड लिहिला, दोघांच्या सह्या, पंचांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. कोर्टात कुणीच गेलं नाही, आमच्यात असंच होतं असं सगळे म्हणाले. नवऱ्याला आणि सासरच्यांना सगळं माहिती आहे, लपवलेलं काही नाही.
एजंटला सांगितलं तर तो म्हणाला 'ते लिहूच नका, कोर्टात रेकॉर्ड नाही म्हणजे लग्न झालंच नाही, उगाच लांबड कशाला.' त्याला २५,००० ॲडव्हान्स दिलेत. खरं तर म्हणूनच धागा काढला होता, पण पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं धाडस झालं नाही.

शाहूपुरी_ते_शिकागो
बरं केलंस लिहिलंस. आणि त्या एजंटचं ऐकू नकोस, काही झालं तरी. आय-१३० मध्ये तुझी किती लग्नं झाली ते विचारतात, आधीच्या नवऱ्याचं नाव आणि ते लग्न कधी संपलं ते पण. तिथं एक लिहून पुढं कळलं की खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो आणि त्याची बंदी कायमची असते, दहा वर्षांची नाही. सही तुमची, एजंट मोकळा. जावईबापूंचा भाऊ निदान दहावर सुटत होता.

जयसिंगपूरचा_जावई
हो. फॉर्म अजून गेला नाही ना? नसेल तर काहीच बिघडलेलं नाही.

करवीरची_लेक
नाही गेला. नवऱ्यानं ऑनलाइन अर्धा भरून ठेवलाय, तोच रकाना सोडून.

काळा_कोट_निवृत्त
नवरा शहाणा आहे.
आता नीट सांगतो, पण हा सल्ला समजू नको, कागद बघितल्याशिवाय सल्ला देणारा वकील आणि तुझा एजंट यात फरक काय? हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) प्रमाणं रूढीनं होणारा घटस्फोट कायद्याला मान्य आहे. म्हणजे काडीमोड सरसकट बेकायदा नाही. पण 'आमच्यात असंच होतं' हे नुसतं म्हणून चालत नाही, तशी रूढी त्या समाजात आहे हे पुराव्यानं सिद्ध करावं लागतं. सुप्रीम कोर्टानं २००२ सालच्या एका निकालात हेच सांगितलं आहे, आणि ते प्रकरण घटस्फोटाच्या अशाच लेखाचं होतं. नोटरीचा शिक्का म्हणजे सह्या कुणी केल्या एवढंच, नोटरी घटस्फोट देत नाही. मी उभ्या आयुष्यात शंभरच्या स्टॅम्पवर मोडलेले इतके संसार बघितले की मोजणं सोडलं. गावात चालून जातं कारण गावाला सगळं माहिती असतं. अमेरिकेच्या ऑफिसरला तुझं गाव माहिती नाही.
आणि पहिलं लग्न कायद्यानं संपलेलं नसेल तर कलम ५ आणि ११ प्रमाणं दुसरं अवैध ठरतं. मग त्या आय-१३० ला पायाच राहत नाही.
मला दोन वाटा दिसतात. एक, काडीमोड वैध होता असं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायचं, त्यात रूढीचा पुरावा आणि वेळ. दुसरी, पहिला नवरा तयार असेल तर १३-ब खाली संमतीनं घटस्फोट, तुम्ही वर्षानुवर्षं वेगळे आहात, सहा महिन्यांची थांबायची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते असं २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय. मग आत्ताच्या नवऱ्याशी पुन्हा लग्न, नोंदणीचं. कुठली वाट अमेरिकेत टिकेल ते तिकडच्या वकिलानं सांगायचं. म्हणजे तुला एक नाही, दोन वकील लागणार.

गंगावेस_तालीम
विषय हार्ड झाला.

पन्हाळ्याचा_वारा
माझी पहिली पोस्ट मागं घेतो. लागतो.

सानिका_उर्फ_सुजाता
अगं घाबरू नकोस. पुन्हा लग्न म्हणजे काय, पुन्हा जेवण. फक्त तांदूळ पसरू देऊ नको.

डलासचा_पाव्हणा
मी पण सुधारून घेतो, २,८०० देऊन टाका. उलट त्या वकिलाला आधी विचारा की काडीमोडाचं असं प्रकरण त्यानं कधी हाताळलंय का. नसेल तर दुसरा बघा, लायसन्स कुठल्याही राज्याचं चालतं त्यामुळं न्यू जर्सीतलाच पाहिजे असं नाही.
एक बारीक गोष्ट, पुन्हा लग्न केलंत तर तारीख नवी धरली जाणार. तिथं पोचताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं मिळतं आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ती दोन वर्षांची अट काढायचा आय-७५१ अर्ज भरायचा. अडचण काही नाही, फक्त कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बीकेसी_रिटर्न
आणि त्या १५ दिवसांतले फोटो, त्याचं तिकीट, बोर्डिंग पास, रोजचे कॉल, सगळं जपून ठेव. लग्न खरं आहे हे तर दाखवायचंच आहे, ते बदलत नाही.

करवीरची_लेक
(शनिवार, दुपारी २.०५)
सगळ्यांना थँक्यू. परवा रात्री नवऱ्याशी दोन तास बोललो. तो म्हणाला उशीर झाला तर होऊ दे, रकान्यात खरं लिहायचं. मग आईनं मामाला फोन लावला आणि मामानं पहिल्यांकडच्या थोरल्या भावाला. तिकडं पहिल्या नवऱ्याचं पण दुसरं लग्न ठरतंय, त्यामुळं त्यांनाही कोर्टाचा कागद हवाच आहे. सोमवारी कसबा बावड्याला, कोर्टात एका वकीलबाईंची वेळ घेतलीय. न्यू जर्सीच्या वकिलालाही मेल केलाय, त्यानं असं प्रकरण एकदा केलंय म्हणतो, नेपाळच्या जोडप्याचं.

वडणग्याची_सून
आणि एजंटचे २५,०००?

करवीरची_लेक
'प्रोसेस सुरू झाली' म्हणतोय. कसली प्रोसेस, फॉर्म तर नवऱ्याच्या लॅपटॉपमध्ये आहे.

गंगावेस_तालीम
पत्ता पाठव, तालमीची चार पोरं नुसती चहाला जाऊन येतो.

काळा_कोट_निवृत्त
@गंगावेस_तालीम: कुणी कुठं जाऊ नका. बेटा, त्याला एक लेखी नोटीस पाठव, त्या वकीलबाईच करून देतील. सोमवारी जाताना काडीमोडाचा मूळ कागद ने, झेरॉक्स नको. पंचांपैकी हयात कोण आहेत त्यांची नावं लिहून ने. आणि मूळ कागद आहे तसाच असू दे, त्याला काही करू नको, मागच्या बाजूला स्टॅम्प व्हेंडरचा शिक्का आणि नोंद असते ती स्पष्ट दिसली पाहिजे.

करवीरची_लेक
काका, आईनं तो २०१७ लाच लॅमिनेट करून ठेवलाय.

सानिका_उर्फ_सुजाता
सगळ्या आया एकाच दुकानात जातात का गं?